घरात मूल राहत असल्याचा पुरावा

बापूला नोकरी लागली आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

नोकरी तशी अर्धीच होती. आठवड्यातून तीन दुपारी, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. पण बापू मुळातला कवळीवाला. मायदेशी असताना त्याच्या हातच्या कवळीने म्हातारी माणसं पुन्हा शेंगदाणे खायला लागली होती, आणि एक गृहस्थ तर कवळी बसवून घेतल्यावर भावकीतलं जुनं भांडण उकरून काढायला गेले, इतका त्यांना आत्मविश्वास आला. मग बायकोला परदेशात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मोठी जागा मिळाली, बिऱ्हाड हललं, आणि तेव्हापासून बापू घरी होता. घरी म्हणजे रिकामा नव्हे. साडेतीन वर्षांची ठकी ज्या घरात असते तिथे रिकामं बसायला जागाच उरत नाही. पण कोणी "आपण काय करता?" असं विचारलं की तो "सध्या मुलीला बघतो" म्हणायचा, आणि त्यातल्या 'सध्या'वर गरजेपेक्षा जास्त जोर द्यायचा.

बापू हे त्याचं खरं नाव नाही आणि त्याचं वयही नाही. जन्मल्यापासून चेहरा इतका गंभीर, की बारशाला जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, "अगं, हा तर बापू दिसतोय!" तेव्हापासून तो बापूच.

तर कारखान्याच्या मालकीणबाईंनी त्याला एक मेणाचा जबडा देऊन त्यात दात लावून दाखवायला सांगितलं, लावलेले दात उजेडात धरून पाहिले, आणि म्हणाल्या, "येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी या. तुम्ही आला नाहीत, तर दुसरा माणूस बघून ठेवलाय." बापू घरी आला तो जिना चढताना दोन दोन पायऱ्या घेत. बायकोने आनंदाने त्याचं अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "आणि ठकीला कोण बघणार?"

या प्रश्नाला मायदेशी सतरा उत्तरं असतात. त्यातली दोन आज्या असतात. इथे मात्र एकही नव्हतं.

"आणि हे बघ," बायको म्हणाली, "जे करायचं ते कायद्याने. माझ्या परवान्यावर आपण तिघं इथे राहतोय. नोंदणी नसलेली बाई पैसे देऊन घरात ठेवली आणि उद्या कोणाच्या लक्षात आलं, तर तुझी नोकरी राहिली बाजूला, आपल्यालाच बॅगा भराव्या लागतील."

"मी आयुष्यात कधी सिग्नल तोडलेला नाही," बापू दुखावून म्हणाला.

"तू गाडी चालवतोस कुठे?"

दुसऱ्या दिवशी तो ठकीला कडेवर घेऊन सरकारी पाळणाघराच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाई फार प्रेमळ होत्या. प्रेमळ माणसांनी नाही म्हटलं की ते जास्त लागतं, हे बापूला त्या दिवशी कळलं.

"अर्धा दिवस? मिळेल की," बाई म्हणाल्या. "आईवडील दोघांच्या नोकरीचा दाखला आणा."

"माझी नोकरी सोमवारपासून सुरू होईल."

"मग सोमवारनंतर या."

"पण सोमवारी मी कामावर असेन. तेव्हा मुलगी कुठे असेल?"

"पाळणाघरात," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "दाखला दिल्यावर."

बापूने कारखान्यात फोन करून आगाऊ दाखला मागितला. मालकीणबाई म्हणाल्या, रुजू झाल्याशिवाय दाखला देता येत नाही, आणि मुलाची सोय झाल्याशिवाय आम्ही लहान मुलांच्या पालकांना रुजू करून घेत नाही, मागे एकाने कवळीच्या साच्यात मुलाला झोपवलं होतं. साच्यात मूल कसं मावलं हे विचारायचं बापूच्या ओठांवर आलं होतं, पण नव्या मालकाला पहिल्याच फोनवर प्रश्न विचारू नयेत.

अशा प्रसंगी माणूस ज्याच्याकडे जातो त्याच्याकडेच बापू गेला. म्हणजे 'अनुभवी'कडे. हा अनुभवी आपलाच माणूस, पण इथे येऊन त्याचा जन्म गेलेला. विमानतळावरून घरी कसं यायचं इथपासून मरणोत्तर कुठे जायचं इथपर्यंत सगळ्यावर तो सल्ला देतो, आणि सल्ल्याची सुरुवात नेहमी समोरच्याला गप्प करून होते.

"तू गप्प बस, मी सांगतो. तुला पाळणाघर नकोच. नोंदणीकृत बाई घरी ठेव. सरकारी यादीतली. चोख काम. फक्त एक आहे, बाई ठेवायची म्हणजे तू मालक होतोस. मालक म्हणून तुझीही नोंदणी. त्यासाठी एक वर्ग करायचा, मग घराची तपासणी, आणि झालं."

"एवढंच?" बापूने विचारलं. पुढे बरेच दिवस त्याला हा आपला 'एवढंच' झोपेत ऐकू यायचा.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं पडलं. काकू इथल्याच, आपल्या नव्हेत. पण जगातल्या कुठल्याही इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू असतातच, आणि बापू मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणायचा. त्या दारातच म्हणाल्या, "कशाला एवढा व्याप? माझी भाची बसेल की मुलीजवळ. कोणाला कळतंय?" बापूने नम्रपणे नकार दिला. तेव्हापासून काकूंनी त्याला जिन्यात पाहिलं की "काय, झालात का मालक?" असं विचारायला सुरुवात केली. त्या हे इतक्या गोड विचारायच्या की रागावताही येईना.

'घरगुती मालकांचा वर्ग' एका शाळेच्या हॉलमध्ये होता. वर्गाला मुलं आणायला बंदी होती. मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावा म्हणून असलेल्या वर्गाला जाताना मूल कोणाकडे ठेवायचं, हे बापूने चौकशी खिडकीवर विचारलं. तिथला कारकून म्हणाला, "बरेच जण हा प्रश्न विचारतात," आणि त्याने खिडकी लावून घेतली. शेवटी बायकोने रजा टाकली.

वर्गात शिक्षकाने फळ्याकडे वळून "मालकहो" अशी सुरुवात केली आणि बापूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर तो नोकरच होता आणि मालकांविषयी त्याची मतं ठाम होती. आता ती सगळी आपल्याला लागू पडणार, हे फळा भरत गेला तसं त्याच्या ध्यानात येऊ लागलं. बाईला पाठ असलेली खुर्ची द्यावी. कोट टांगायला वेगळी खुंटी द्यावी. मधे शांतपणे विश्रांती घेऊ द्यावी, त्या वेळात तिला हाक मारू नये. तिच्यावर आवाज चढवू नये. तिच्या कामाची आपल्याला जाणीव आहे, हे तिला वेळोवेळी सांगावं. बापूने घरी येऊन हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "याच घरात आणखी एक जागा निघणार आहे का रे? मी अर्ज करते."

मग बायकांच्या मुलाखती झाल्या. सरकारी यादीतून एकेक जण यायची, बापू तिला चहा द्यायचा, आणि ती गेली की तिच्यात खोट काढायचा. एक बसल्या बसल्या तीनदा शिंकली. एकीने ठकीच्या केसांना न विचारता हात लावला. एकीला ठकी पाहताक्षणी फार आवडली, तर बापू म्हणाला, "एवढ्यात एवढं प्रेम? मला संशय येतो." एक बाई तर अशी आली, की तिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती. बापू तिच्याबद्दल दिवसभर विचार करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "इतकं चांगलं असू नये माणसानं."

बायकोने तेव्हा नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बापू कवळ्यांतला तज्ज्ञ असला तरी बायकोच्या बघण्यातलं त्याला फारसं कळत नसे.

शेवटी ड्रायव्हरबाई आल्या. या बाई जन्मभर शहरातल्या बसवर ड्रायव्हर होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून मुलं सांभाळायची नोंदणी त्यांनी करून घेतली होती. दारातून आत येताना त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मगच पाऊल टाकलं. बापूने पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला, पाठवाल्या खुर्चीवर बसून पाहिलं, खुंटी ओढून पाहिली, आणि मुलाखत सुरू केली. म्हणजे बापूची.

"मी काम करत असताना तुम्ही घरात असणार?"

"नाही, नाही, मी कामावर असेन. पण लवकर सुटलो तर जरा डोकावेन वगैरे."

"डोकावायचं नाही," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "एका गाडीवर दोन ड्रायव्हर चालत नाहीत. फोनही करायचा नाही, मी चालू गाडीत फोन घेत नाही. काही झालं तर मी करीन. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

बापूने अशा वेळी मालकाने काय म्हणावं हे वर्गात शिकवलं होतं का, ते आठवून पाहिलं. तेवढ्यात ठकी पडद्यामागून बाहेर आली. इथे आल्यापासून तिची भाषा अर्धी आपली आणि अर्धी इथली झाली होती, पण अनोळखी माणसाशी ती त्यातली एकही बोलत नसे. ती बाईंसमोर उभी राहिली.

"तुझ्याकडे बस आहे?"

"होती."

"कुठे गेली?"

"दुसऱ्यांना दिली. माझे गुडघे दुखतात."

ठकीने विचार केला, मग आपला फ्रॉक वर करून गुडघ्यावरची खपली दाखवली. ड्रायव्हरबाईंनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि मान डोलावली. बापूच्या लक्षात आलं की बाई ठरल्या आहेत आणि आपल्याला कोणी विचारलेलं नाही.

"मला आणखी एका घरातून बोलावणं आहे," जाता जाता बाई म्हणाल्या. "तुमची तपासणी पास झाली की कळवा. सोमवारच्या आत. नाहीतर मी तिकडे जाणार."

आता सगळं त्या तपासणीवर येऊन ठेपलं. तपासणी पास, तर बाई. बाई असेल, तर नोकरी. नाहीतर पुन्हा 'सध्या मुलीला बघतो'.

आणि इथेच बापूने ती घोडचूक केली. पण तिला चूक तरी कशी म्हणावी? घरी कोणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर आवरतो. तसं नुसतं झाडूनपुसून नव्हे, तर या घरात कोणी राहतच नाही असं वाटेपर्यंत आवरतो. अनुभवी आदल्या दिवशी मुद्दाम आला आणि म्हणाला, "तू गप्प बस, मी सांगतो. तपासणी आहे. घर लखलखलं पाहिजे. आणि ती भिंत आधी झाक."

ती भिंत म्हणजे बैठकीच्या खोलीतली, जिच्यावर ठकीने रंगीत खडूंनी हाताला येईल तिथवर एक लांबलचक आगगाडी काढली होती. पुसून ती जाईना. तेव्हा दोघांनी मिळून कपड्यांचं कपाट आतल्या खोलीतून ओढत आणलं आणि भिंतीला लावलं. कपाट बसलं छान, पण अनुभवी मात्र तसाच वाकलेला राहिला. त्याला सरळ होताच येईना. त्याला खुर्चीत बसवून खाली नेताना काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "मालक झाल्या झाल्या कामगार जखमी?"

खेळणी सगळी गोळा केली तर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती कपडे धुवायच्या यंत्रात कोंबली. ठकीला नवा फ्रॉक घातला, केस चापूनचोपून बसवले, आणि बजावलं, "पाहुण्या येणार आहेत. कशाला हात लावायचा नाही. विचारलं तरच बोलायचं. आणि ती खारीची कविता म्हणून दाखवायची."

तपासनीसबाई आल्या. उंच, सडपातळ, हातात पेन. त्यांनी घर पाहिलं. लखलखीत टेबल, लखलखीत जमीन, आणि सोफ्याच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसलेली एक लखलखीत मुलगी.

"तुझं नाव काय?" त्यांनी ठकीला विचारलं. ठकीने बापूकडे पाहिलं. बापूने मान हलवली. ठकीने नाव सांगितलं.

"तुला काय खेळायला आवडतं?" ठकीने पुन्हा बापूकडे पाहिलं. याचं उत्तर तयार करून घेतलेलं नव्हतं. तेव्हा बापू म्हणाला, "बाळा, कविता म्हण."

ठकी उठली. ठकीने हात मागे बांधले आणि खारीची कविता सुरू केली. तिसऱ्या ओळीवर ती अडली. बापूने पुढचा शब्द कुजबुजून सांगितला. ठकीने तो म्हटला आणि पुन्हा अडली. मग उरलेली कविता बापूनेच म्हटली, हावभावासकट. तपासनीसबाईंना आपली भाषा येत नव्हती, त्यामुळे हा धडधाकट माणूस आपल्यासमोर उभा राहून दोन्ही हातांनी शेपूट कशाला हलवतो आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पेन उघडलं.

"हे कपाट खिडकीच्या अर्ध्यावर आलंय," त्या म्हणाल्या. "भिंतीला ठोकलेलंही नाही. मुलाच्या अंगावर पडू शकतं." लिहिलं. मग न्हाणीघर. "यंत्राच्या दाराला कुलूप आहे का बघू," म्हणून त्यांनी ते उघडलं, आणि आतून एक अस्वल, दोन बादल्या, आणि झाडून सगळे लाकडी ठोकळे धाडधाड जमिनीवर आले.

"मुलीची खेळणी यात का ठेवता?"

"धुवायला," बापू म्हणाला.

"लाकडी ठोकळे?"

"आम्ही फार स्वच्छ राहतो," बापू म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच जाणवलं की हे आपण बोलायला नको होतं.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. तो वाचताना बायकोचा आवाज थरथरत होता, आणि तो रडण्याने नव्हता. कपाटाविषयी होतं, यंत्राविषयी होतं, 'मूल परवानगीशिवाय बोलत नाही' असं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: 'घरात मूल राहत असल्याचा पुरावा अपुरा. फेरतपासणी करावी. पूर्वसूचना दिली जाणार नाही.'

बापू खुर्चीवर बसला तो बसलाच. दीड वर्ष त्याने या पोरीच्या मागे धावण्यात घालवलं होतं. तिच्या तापाच्या, पडण्याच्या, हट्टाच्या, भाताच्या शितांच्या सगळ्या खुणा या घरावर आणि त्याच्या अंगावर होत्या. आणि सरकार म्हणत होतं, पुरावा अपुरा.

"हसू नकोस," तो म्हणाला.

"नाही हसत," बायको डोळे पुसत म्हणाली. मग तिने कागद बाजूला ठेवला आणि ती त्याच्या समोर बसली. "बापू, एक विचारू? तुला ती बाई मिळायला हवी आहे ना?"

"म्हणजे काय!"

"शिंकली म्हणून एक नको, चांगली आहे म्हणून दुसरी नको. मला वाटायला लागलंय की तपासणी नापास झाली तर तुला बरंच वाटेल."

बापूने रागवायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. मग तो म्हणाला, "इथे मला ओळखतं कोण, सांग. अनुभवी ओळखतो, तो बोलू देत नाही. काकू ओळखतात, त्या चिडवतात. सकाळी उठल्यावर 'बाबा' म्हणून हाक मारणारी ही एकच. तिला जर माझ्यावाचून करमायला लागलं, तर मग मी इथे आहे कशाला?"

"आणि कवळ्या?"

"कवळ्याही हव्यात," बापू म्हणाला. "दोन्ही हवं आहे. तेच तर."

बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "करमतं की नाही ते ठकी ठरवेल. तू आधी ते कपाट जागेवर ने. आणि आता काही आवरू नकोस."

बापूने काही आवरलं नाही. आवरायला वेळही नव्हता, कारण इतके दिवस बंद पडलेला हात चालू करायला हवा होता. त्याने जुन्या सामानातून माप घ्यायचे साचे काढले, गुलाबी लगदा काढला, आणि शुक्रवारी सकाळी सरावासाठी स्वतःच्याच जबड्याचं माप घ्यायला बसला. ठकी मदतीला होती. म्हणजे लगदा तिच्या केसांत होता, अस्वलाच्या तोंडात होता आणि थोडा साच्यातही होता. बापूने साचा तोंडात धरला. हा लगदा तोंडात चटकन घट्ट होतो आणि मग एका झटक्यात निघतो. पण डबा मायदेशाहून आणलेला, तारीख उलटून गेलेली. लगदा घट्ट झाला तो कायमचाच. बापूने ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, टेबलाला पाय लावून पाहिलं. साचा हलेना, आणि दारावरची घंटा वाजली.

"मी बघते!" ठकी म्हणाली, पण कडी तिच्या हाताला येत नव्हती. बापूने दार उघडलं. समोर तपासनीसबाई.

"उं," बापू म्हणाला. तोंडातून साच्याची मूठ बाहेर आलेली, हनुवटीवर गुलाबी ओघळ. एरवी त्याने स्वागत केलं असतं, चहा विचारला असता, त्या दिवशी तब्येत बरी नव्हती असं काहीतरी सांगितलं असतं. आज त्याच्याकडे फक्त 'उं' होता.

त्यामुळे बोलायचं काम ठकीवर आलं. तिने तपासनीसबाईंचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. आपली अर्धी भाषा आणि इथली अर्धी मिसळून तिने सांगितलं, की हा बाबा आहे, याचे दात अडकलेत, हे अस्वल आहे, याचे पण अडकलेत, ही माझी गाडी आहे. गाडी म्हणजे भिंतीवरची. कपाट हटल्यामुळे ती आता पूर्ण दिसत होती, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत. "या डब्यात आई बसते. या डब्यात बाबा. हा डबा रिकामा आहे. तुला बसायचंय?"

तपासनीसबाईंनी पेन बाहेर काढलं होतं. ते त्यांनी परत ठेवलं. मग त्या ठोकळे ओलांडत बापूकडे आल्या, त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आ करा." आ करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एका हाताने बापूचं कपाळ दाबलं, दुसऱ्या हाताने मूठ धरली, ठकीने मागून तपासनीसबाईंचा कोट धरला, आणि एक, दोन, तीन म्हणताच साचा 'फट्' करून निघाला. तिघंही मागे कोलमडली.

"माफ करा," बापूने तोंड उघडलं. "घर जरा..."

"कृपा करून काही बोलू नका," तपासनीसबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या. या वेळच्या निकालात लिहिलं होतं: 'घर योग्य. वडील मुलीच्या खेळात पूर्ण सहभागी.'

सोमवारी दुपारी ड्रायव्हरबाई आल्या. कोट खुंटीला लावला, खुर्चीवर बसल्या, आणि बापूकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही निघा."

बापूने ठकीला सगळं समजावून सांगितलं, की बाबा कामाला जातो आहे, रडायचं नाही, बाबा नक्की परत येणार आहे. ठकी ठोकळे रचत होती. "हो," ती म्हणाली. दारातून वळून बापूने हात हलवला. मग आणखी एकदा. ड्रायव्हरबाईंनी उठून दार लावून घेतलं.

कारखान्यात पहिला काही वेळ त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिशातला फोन चाचपून पाहायचा, आणि फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे स्वतःला सांगायचा. मग त्याच्यासमोर एक जबडा आला. वरच्या दातांची अवघड ठेवण होती. बापूने मेण तापवलं. मेणाचा तो ओळखीचा वास आला, सुरी हातात बसली, आणि एकेक दात आपली जागा घेऊ लागला. मालकीणबाई मागून जाता जाता थांबल्या, पाहिलं, आणि "हं" म्हणून पुढे गेल्या. त्या 'हं'ने बापूला दीड वर्षात झाला नव्हता इतका आनंद झाला. सुटायची वेळ झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की गेले कित्येक दात आपल्याला ठकीची आठवणच झालेली नाही. तो दचकला, कोट खांद्यावर टाकला आणि धावतच निघाला.

जिन्यातच त्याला रडणं ऐकू आलं. ठकीचंच होतं, चांगलं टाहो फोडून. बापूच्या काळजाचं पाणी झालं. खरं सांगायचं तर त्या पाण्यात थोडं समाधानही मिसळलेलं होतं. पोरीला आपल्यावाचून करमत नाही! काकू दारातून "ऐकताय ना मालक?" म्हणाल्या, पण त्याला थांबायला वेळ नव्हता. त्याने धाडकन दार उघडलं.

ड्रायव्हरबाई कोट घालून निघायच्या बेतात होत्या आणि ठकीने त्या कोटाला मिठी मारली होती.

"जाऊ नको," ठकी हुंदके देत होती. "जाऊ नको ना."

"बुधवारी येते," बाई म्हणाल्या.

बापू गुडघ्यांवर बसला. हात पसरले. "अगं, मी आलो ना! बघ, बाबा आलाय!"

ठकीने रडणं मधेच थांबवून त्याच्याकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये, असा वैताग तिच्या चेहऱ्यावर होता.

"तू तर असतोसच!" ती म्हणाली, आणि पुन्हा कोटात तोंड खुपसून रडायला लागली.

बायको घरी आली तेव्हा ठकी भिंतीवरच्या रिकाम्या डब्यात चष्मा लावलेल्या कोणाला तरी बसवत होती आणि बापू जमिनीवर, कोट न काढता, तिच्याकडे बघत बसला होता.

"काय रे, रडली का?" बायकोने हळूच विचारलं.

"रडली."

"तुझ्यासाठी?"

"छे."

"मग तुझे डोळे का लाल झालेत?"

"मी तर असतोच," बापू म्हणाला.

बायकोला काही अर्थबोध झाला नाही. तिने पर्स ठेवली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.